डॅम्पर बदलला, तरी स्टीअरिंग नाचतंच!

मोठे टायर घातलेली जिम्नी किंवा रँग्लरसारखी ऑफ-रोड गाडी खड्ड्यातून गेली आणि स्टीअरिंग हातात थयथयाट करू लागलं, की ठरलेला सल्ला मिळतो: 'स्टीअरिंग डॅम्पर गेलाय, नवा टाका.' हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. डॅम्पर म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यांना जोडलेला छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बर; तो धक्के शोषतो, थरथर जन्माला घालत नाही. नवा डॅम्पर दुखणं काही दिवस झाकतो, एवढंच.

आधी लक्षण ओळखा. ठरावीक वेगालाच बारीक कंप येत असेल, तर टायरचं बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम तपासा. खड्ड्यानंतर सुरू होऊन गाडी हळू केल्यावरच थांबणारा जोरदार हेलकावा असेल, तर पुढच्या अखंड अ‍ॅक्सलमध्ये (दोन्ही चाकं जोडणाऱ्या एकसंध आसात) कुठेतरी ढिलाई आहे. बहुतेकदा ती पॅनहार्ड रॉडच्या, म्हणजे अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याच्या, बुशात (टोकाच्या रबरी गादीत) किंवा बोल्टात सापडते. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला; एकाने स्टीअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून रॉडची टोकं पाहावीत. बोल्ट भोकात हललेला दिसला, की चोर सापडला! मग टाय रॉडची (चाकं वळवणाऱ्या दांड्याची) टोकं आणि चाक ज्यावर वळतं ते किंगपिन बेअरिंग किंवा बॉल जॉइंट तपासा.

गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटने कॅस्टर कोन (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी होतो, तोही मोजून घ्या. जड टायर ही ढिलाई फक्त उघडी पाडतात.