कोरड्या दिवसांचा हिशेब

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळ ज्या रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सुट्या भागांचा बाजार भरतो, त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही त्याला आजही लॅमिंग्टन रोडच म्हणतात. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले हे लॅमिंग्टनसाहेब त्याआधी, १८९६ ते १९०१ या वर्षांत, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते, आणि तिथे त्यांचे नाव एका अरण्याला मिळाले. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, न्यू साउथ वेल्सच्या सीमेवर, सुमारे २०,००० हेक्टरांवर पसरलेले लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान हे ‘ऑस्ट्रेलियाची गोंडवाना वर्षावने’ या जागतिक वारसा क्षेत्राचा भाग आहे. एका गव्हर्नराचे नाव रस्त्याला आणि रानाला दोन्हीकडे लागावे, यात नवल नाही. आपल्याला अधिक जवळचा आहे तो दुसरा शब्द, गोंडवाना. गोंडांच्या प्रदेशावरून पडलेले हे नाव भूवैज्ञानिकांनी आधी मध्य भारतातील खडकांना दिले आणि नंतर दक्षिणेकडील सर्व खंड ज्यातून फुटून निघाले त्या प्राचीन महाखंडाला दिले. चंद्रपूर आणि बल्लारपूरच्या खाणींतला कोळसा याच गोंडवाना खडकांतला आहे.

या उद्यानाच्या कडेला दोन जुनी वनविश्रामगृहे आहेत. त्यांपैकी बिना बुरा हे १९३३ मध्ये आर्थर ग्रूम आणि रोमियो लाही या दोघांनी सुरू केले. लाही हा इमारती लाकडाच्या गिरणीमालकाचा मुलगा. जी झाडे कापून घरचा व्यवसाय चालत होता तीच झाडे राखावीत म्हणून त्याने गावोगाव सह्या गोळा केल्या, आणि १९१५ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्या काळी लाकूडतोड्यांची नजर होती ती मुख्यतः ‘तांबडे सोने’ म्हणवल्या जाणाऱ्या लाल सिडरवर. हे झाड म्हणजे आपल्याकडचा तून, कडुनिंबाच्या कुळातला. हिमालयाच्या पायथ्याशी आणि सह्याद्रीत आढळणारी तीच जात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचलेली आहे.

लॅमिंग्टनचे पठार अक्षांश २८ दक्षिणेवर, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या बाहेर आहे. हिवाळ्यात इथल्या रात्री कडक थंड असतात. अशा जागी घनदाट सदाहरित वर्षावन कसे उभे राहते, हा इथे मुक्कामाला येणाऱ्या माणसाच्या मनात पहिल्या सकाळीच यायला हवा असा प्रश्न आहे. ‘पाऊस भरपूर पडतो म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. पठारावर वर्षाला साधारण दीड ते दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला याच्या कितीतरी पट, पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, तरीही महाबळेश्वरचे रान लॅमिंग्टनसारखे उंच आणि वेलींनी गच्च भरलेले नाही. माती, उंची आणि वारा यांचा त्यात वाटा आहेच, परंतु मोठा फरक आहे तो कोरड्या महिन्यांचा. महाबळेश्वरचा बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि मग झाडांना पुढच्या जूनपर्यंत कळ काढावी लागते. लॅमिंग्टनला डिसेंबर ते मार्च हा मुख्य पावसाळा असला, तरी उरलेल्या महिन्यांतही अधूनमधून सरी येतात, आणि सरी नसतात तेव्हा समुद्रावरून चढलेले ढग झाडांच्या शेंड्यांत अडकतात. पाने, शेवाळ आणि फांद्यांवर वाढणारी नेची या ढगांतले बारीक थेंब गोळा करतात आणि ते खाली टपकत राहतात. पर्जन्यमापक कोरडा असतो, पण झाडाखालची माती ओली होते. वर्षावन टिकते की नाही हे ठरते ते सर्वांत कोरडे आठवडे किती लांबतात यावर. एकूण पावसाचा आकडा त्यानंतरचा.

यातला गंमतीचा पुरावा हातात धरून पाहता येतो. वाटेवर पडलेले पान उचलून पंजावर ठेवावे. उपोष्ण वर्षावनातील बहुसंख्य झाडांची पाने साडेसात ते साडेबारा सेंटिमीटर लांबीची असतात, म्हणजे मधल्या बोटाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी. वनस्पतिशास्त्रज्ञ लेन वेब यांनी १९५९ मध्ये पानांच्या या मापाला वेगळा वर्ग दिला आणि ऑस्ट्रेलियातील वर्षावनांची वर्गवारी मुख्यतः पानांच्या आकारावरून मांडली, कारण झाडाची जात ओळखू आली नाही तरी पान मोजता येते. उत्तरेकडच्या उष्ण वर्षावनात पाने याहून मोठी होतात. बिना बुराहून चढत चढत पठाराच्या दक्षिण कडेला गेल्यावर पाने लहान होत जातात, वेली आणि ताडकुळातली झाडे मागे पडतात, आणि शेवटी अंगठ्याएवढ्या दातेरी पानांचे, शेवाळाने मढलेले अंटार्क्टिक बीच नावाचे वृक्ष समोर येतात. हवा गार होत चालली आहे हे तापमापकाशिवाय कळते. बिना बुरा या स्थानिक आदिवासी नावाचा अर्थही ‘जिथे बीच वाढतात’ असाच सांगितला जातो.

या बीचचे एक वैशिष्ट्य असे की बुंधा म्हातारा होऊन पडला तरी त्याच्या मुळातून नवे बुंधे कडेने फुटतात, त्यामुळे एकाच जुन्या झाडाभोवती खोडांचे कडे तयार होते. याचे भाईबंद न्यूझीलंड, न्यू गिनी आणि चिली येथे आहेत आणि त्यांचे जीवाश्म परागकण अंटार्क्टिकात सापडतात. भारतात मात्र हे झाड नाही. भारताचा तुकडा सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियापासून सुटून उत्तरेकडे निघाला होता आणि या बीचचे कुळ त्यानंतर उदयाला आले. ज्या महाखंडाला आपल्याकडच्या भूमीचे नाव मिळाले, त्याच्या या सर्वांत प्रसिद्ध झाडाची आणि आपली गाठ अशी थोडक्यात चुकली.

पायाखालचा खडक मात्र ओळखीचा वाटतो. सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी इथे ट्वीड नावाचा प्रचंड ज्वालामुखी होता आणि लॅमिंग्टनचे पठार ही त्याची उत्तरेकडची उरलेली उतरंड आहे. त्याचा बेसाल्ट दख्खनच्या बेसाल्टपेक्षा वयाने खूप लहान, पण घडणीने त्याच जातीचा. बेसाल्टची लाल, सुपीक, पाणी धरणारी माती असेल तिथे वर्षावन उभे राहते, आणि त्याच ज्वालामुखीतून निघालेला सिलिकायुक्त ऱ्हायोलाइट जिथे उघडा पडतो तिथे माती पातळ व निकृष्ट असल्याने निलगिरीचे रान येते. ही सीमा काही ठिकाणी इतकी ठळक आहे की दहा पावलांत आपण काळोख्या, ओल्या वनातून कोरड्या, तेलकट वासाच्या उजेडात येतो. बिना बुरा नेमके अशाच सांध्यावर आहे. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे आगीचा विषय येणार आहे.

आता मुक्कामाविषयी. पर्यावरणस्नेही निवास म्हटले की जाहिरातीत छपरावरचे सौर पत्रे आणि बांबूचे दात घासायचे ब्रश दिसतात. मला यातले पहिले थोडे संशयास्पद आणि दुसरे क्षुल्लक वाटते. जिथे दिवसाचा बराच वेळ धुके असते आणि तीस-चाळीस मीटर उंचीची झाडे आकाश झाकतात, तिथे सौर पत्र्यांना पुरेसे ऊन मिळावे म्हणून झाडे तोडावी लागत असतील तर तो व्यवहार आतबट्ट्याचा आहे. त्याच धुक्यामुळे टॉवेल दोरीवर दोन दिवस टाकला तरी वाळत नाही आणि मग तो विजेच्या यंत्रात सुकवावा लागतो. रानातल्या निवासात चादरी रोज बदलू नयेत ही विनंती म्हणून शोभेची नसते, तिच्यामागे खराखुरा विजेचा हिशेब असतो.

खरा प्रश्न पाण्याचा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दोनशे चौरस मीटरांचे छप्पर आणि वर्षाला १,६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ३,२०,००० लिटर होतात. पन्हळीतून वाहून जाणारे वगळले तरी पावणेतीन लाख हाती लागतात. एका पाहुण्याला दिवसाला १५० लिटर लागतात असे मानल्यास ते सुमारे १,८०० मुक्कामांना पुरतील. कागदावर हे उत्तम दिसते. पण वीस पाहुण्यांना साठ कोरडे दिवस काढायचे असतील तर १,८०,००० लिटर एकाच वेळी टाक्यांत साठवलेले असावे लागतात, आणि इतक्या टाक्या बांधणे महागात पडते. टाक्या अपुऱ्या असल्या की नळी ओढ्यात टाकली जाते, तीही ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान, जेव्हा ओढा स्वतःच सर्वांत बारीक झालेला असतो. निवासाची परीक्षा घ्यायची असेल तर व्यवस्थापकाला इतकेच विचारावे की तुमच्या टाक्या किती दिवसांच्या आहेत.

ओढ्यात कोण राहते हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे वजन कळते. लॅमिंग्टनच्या ओढ्यांत एक काटेरी झिंगा असतो, इथल्या पठारावर बहुधा निळ्याशार रंगाचा. पावसात तो पाण्याबाहेर पडून चक्क पायवाटेवरून चालतो, आणि कोणी वाट अडवली तर नांग्या उगारून फिसकारतो. त्याला गार आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि त्याची वाढ अगदी सावकाश होते. वर्षावनातील पोषकद्रव्ये मातीच्या वरच्या थरात, कुजणाऱ्या पानांत आणि मुळांच्या जाळ्यात फिरत राहतात. ओढ्याच्या पाण्यात ती फारशी सुटत नाहीत. अशा ओढ्यात सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस गेला की शेवाळ माजते, ते कुजताना प्राणवायू खाते आणि झिंग्याला श्वास घेणे कठीण होते. म्हणून चांगल्या निवासात मैलापाण्यात हवा खेळवून जिवाणूंकडून ते शुद्ध करून घेतात आणि उरलेले पाणी ओढ्यापासून दूर, मोकळ्या गवतावर जिरवतात. काही ठिकाणी मैल्याचे खत करणारी कोरडी शौचालये असतात. त्यात लाकडाचा भुसा टाकत राहायचा, म्हणजे जिवाणूंना कार्बन मिळतो, हवा खेळती राहते आणि वासही येत नाही. पाहुण्यांना याचे पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे होते, दुसऱ्या दिवशी विसरायला होते.

पायवाटेच्या तोंडाशी बूट घासण्याचे ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेले असले तर तेही टाळू नयेत. बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिखलातून मुळे कुजवणारे सूक्ष्मजीव एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातात. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम आढळलेला एक तांबेरा तर जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ज्या कुळात येतात त्या साऱ्या कुळावरच पडतो. त्याचे पिवळे बीजाणू वाऱ्याबरोबर आणि कपड्यांवरूनही पसरतात. या कुळातली काही वर्षावनी झुडपे त्यामुळे नाहीशी होण्याच्या बेतात आली आहेत.

रात्रीचा उजेड हा आणखी एक मुद्दा, आणि तोही ओलाव्याशीच बांधलेला. इथल्या ओलसर दरडींवर एका प्रकारच्या बुरशीमाशीच्या अळ्या राहतात. प्रत्येक अळी रेशमाचे चिकट मणी लावलेले धागे खाली सोडते आणि पोटाच्या टोकाशी निळसर दिवा लावून चिलटांना बोलावते. दरड वाळली की धागे निकामी होतात. त्यांच्यावर विजेरी रोखली की अळ्या दिवा मंद करतात, म्हणजे तेवढा वेळ उपाशी राहतात. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत मोटारींचे दिवे लावून बसणाऱ्यांनी जे केले, त्याचीच ही ऑस्ट्रेलियन आवृत्ती होऊ शकते. म्हणूनच निवासातील दिवे खाली तोंड केलेले, मंद आणि पिवळट असावेत. निळ्या रंगाचे आकर्षण असलेला आणखी एक शेजारी म्हणजे सॅटिन कुंजपक्षी. याचा नर काटक्यांची कुंज रचून तिच्यापुढे निळी फुले आणि पिसे मांडतो. आता त्यात कपड्यांचे निळे चिमटे आणि बाटल्यांची झाकणे यांची भर पडली आहे. कुंजीसमोरचा पसारा पाहिला की निवासाचा कचरा कुठे जातो हे समजते.

८ सप्टेंबर २०१९ रोजी बिना बुरा जळाले. वारसा दर्जाची जुनी इमारत आणि तिच्या लाकडी खोल्या राख झाल्या. पाहुणे आणि कर्मचारी आधीच बाहेर काढले गेले असल्याने जीवितहानी झाली नाही. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचे सरासरी तापमान नेहमीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होते आणि पाऊस सुमारे ४० टक्क्यांनी कमी. नोंदी सुरू झाल्यापासूनचे ते सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे वर्ष ठरले. त्या हंगामात गोंडवाना वर्षावनांच्या जागतिक वारसा क्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग आगीच्या कक्षेत आला. एरवी निलगिरीच्या रानातली आग वर्षावनाच्या कडेला येऊन विझते, कारण तिथला पालापाचोळा ओला असतो. त्या सप्टेंबरात तो ओला नव्हता. निलगिरीच्या जाड सालीखाली राखीव अंकुर असतात आणि आगीनंतर काही आठवड्यांत काळ्या बुंध्यावर हिरवी लव फुटते. वर्षावनातील झाडांची साल पातळ असते. गुडघ्याएवढ्या उंचीची, सावकाश सरकणारी आगही त्यांना बुडाशी भाजून मारू शकते. काही जाती मुळापासून पुन्हा फुटतात, काही फुटत नाहीत.

बिना बुरा त्यानंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाले आहे. जळालेल्या कडेवर उजेड पडला की तिथे सर्वांत आधी जे झुडूप येते ते आपल्या ओळखीचे आहे. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात. दक्षिण अमेरिकेतून बागांसाठी आणलेली ही वनस्पती सह्याद्रीत जशी माजली तशीच तिथेही माजली आहे. तिच्या दाट जाळ्या कोरड्या हंगामात वाळतात आणि पुढच्या आगीला वर्षावनाच्या आत घेऊन जातात. म्हणून वर्षावनाची रोपे तिथे लावायची तर आधी घाणेरी उपटावी लागते, आणि पाऊस पडून माती मऊ झाली की ते काम सोपे जाते.