कथासातत्य (दीर्घ ॲनिमेशन मालिकांतील)

वर्षानुवर्षे चालणाऱ्या विनोदी ॲनिमेशन मालिकेत आधी दाखवलेल्या गोष्टींशी नंतरचे भाग जुळत नाहीत, तेव्हा कथासातत्य तुटते. घटनांचा मेळ न बसणे ही कथानकातील त्रुटी, तर स्वभावाचा मेळ न बसणे ही पात्रातील विसंगती. पहिली प्रेक्षक विसरतो. दुसरी मालिका पोखरते.

अशा मालिकांत पात्रांची वये गोठलेली असतात. ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकी मालिका १९८९ पासून चालू आहे आणि त्यातल्या कुटुंबाचा मुलगा बार्ट अजून १० वर्षांचाच. मग भूतकाळ पुढे सरकवावा लागतो: १९९१ च्या एका भागात त्याचे आईवडील १९७४ साली शाळेत भेटतात, २००८ च्या भागात त्यांचे लग्नाआधीचे दिवस १९९० च्या दशकात येतात. मराठवाड्यातली मुले हिंदी डबिंगमध्ये पाहतात त्या शिनचॅनला १९९६ मध्ये बहीण झाली; तो मात्र पाच वर्षांचाच राहिला.

हे प्रेक्षक सहज मान्य करतो. गाडे अडते ते पात्र तारखेला बांधल्यावर, आणि मराठवाड्यात घडणारी मालिका लिहिताना तो मोह मोठा असतो. समजा मालिका २०१० मध्ये सुरू झाली. आजोबा १९४८ च्या मुक्तिसंग्रामात १८ वर्षांचे होते, म्हणजे २०१० मध्ये ८० आणि २०२५ मध्ये ९५, नातू चौथीतच. आई किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ ला जन्मली असे लिहिले, तर पहिल्याच भागात ती जेमतेम १७ वर्षांची आणि मुलगा चौथीत! ‘दुष्काळाच्या साली’ मात्र चालते. दुष्काळ पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे आठवणही काळासोबत सरकते. लातूरला रेल्वेने पाणी आल्याचा उल्लेख केला की ती २०१६ ला अडकली. जुनी पार्श्वचित्रे परत वापरतानाही एसटीच्या पाट्या तपासाव्यात. २०२३ नंतरच्या गोष्टीत ‘उस्मानाबाद’ राहून जाते.

स्वभाव बहुधा हळूहळू बिघडतो. एका लकबीवर हशा मिळतो, नवा लेखक जुने भाग न पाहता अलीकडचेच पाहून लिहितो, आणि काही वर्षांत लकब म्हणजेच पात्र होऊन बसते. सिम्पसन्सच्या शेजारी राहणारा नेड फ्लँडर्स आधी नुसता सज्जन, भाविक माणूस होता. पुढे भाविकपणाच उरला. कधी एकच भाग घाव घालतो: १९९७ मध्ये त्याच मालिकेतला मुख्याध्यापक स्किनर तोतया निघाला आणि शेवटी न्यायाधीशाने हा विषय पुन्हा काढायचा नाही असे फर्मावले. इतक्या वर्षांचे पात्र असे मोडणे अक्षम्यच.

उपाय म्हणजे पात्रवही. त्यात वय, इयत्ता, नाती, डावखुरेपणा, कोणाला कोणते गुपित माहीत आहे, पात्र काय कधीच करणार नाही आणि बोली, एवढे हवेच. ‘काय करायलास?’ म्हणणारी नांदेडची आजी पुढच्या भागात पुणेरी बोलू लागली तर कान लगेच टिपतो. वही संहितेशी आवाजाच्या ध्वनिमुद्रणाआधी ताडावी. चित्रे हलू लागल्यावर एक वाक्य बदलायचे तरी ओठांच्या हालचाली पुन्हा काढाव्या लागतात. प्रसारित झालेली किरकोळ चूक तशीच सोडावी. मोठी असेल तर एखाद्या संवादात सावरावी. तिच्यासाठी अख्खा भाग रचला की नव्या त्रुटी जन्मतात.