कॅनडाचा पीआर: मार्ग निवडण्यापूर्वी पात्रता आणि गुण यांतला फरक

कॅनडात कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजेच पीआर, मिळवू इच्छिणाऱ्या कुशल उमेदवारांचे अर्ज २०१५ पासून एक्सप्रेस एन्ट्री या ऑनलाइन व्यवस्थेतून हाताळले जातात. तिच्यात मुख्यतः तीन योजना आहेत आणि त्यांतली आपली कोणती, हे बहुतांशी कामाचा अनुभव कुठे मिळाला यावर ठरते. भारतात किंवा आखाती देशांत नोकरी केलेल्यांसाठी फेडरल स्किल्ड वर्कर ही योजना आहे; गेल्या तीन वर्षांत कॅनडातच किमान एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव घेतलेल्यांसाठी कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास आहे, मात्र पूर्णवेळ शिक्षण चालू असताना केलेली नोकरी तिच्यात धरली जात नाही. तिसरी योजना वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या कारागिरांची आहे. क्यूबेक प्रांताची निवडपद्धत पूर्णपणे वेगळी आहे.

सर्वाधिक गोंधळ गुणांबाबत होतो. फेडरल स्किल्ड वर्करसाठी १०० पैकी ६७ गुण लागतात, पण ती केवळ पात्रता झाली. पात्र उमेदवारांची क्रमवारी १२०० गुणांच्या दुसऱ्याच कोष्टकावर लागते आणि ज्या त्या फेरीत वरच्या क्रमांकावर असलेल्यांनाच अर्जाचे निमंत्रण येते. त्यामुळे ‘६७ झाले, आता काम फत्ते’ असे सांगणाऱ्या एजंटाला दोन्ही कोष्टकांचा हिशेब लेखी मागावा. क्रमवारीत वयाचे पूर्ण गुण २० ते २९ या वयात मिळतात, तिशीपासून ते घटू लागतात आणि ४५ व्या वर्षी शून्य होतात. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये बंद झाले. एखाद्या प्रांताने एक्सप्रेस एन्ट्रीशी जोडलेल्या आपल्या योजनेतून नामांकन दिले, म्हणजे आपल्याकडे स्थायिक होण्यासाठी उमेदवाराची निवड केली, तर ६०० गुण मिळतात. म्हणून वय पस्तिशीच्या पुढे असेल आणि कॅनडाचा अनुभव नसेल, तर प्रांतीय मार्गाकडे आधी पाहणे शहाणपणाचे ठरते. अर्थात त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा असावा लागतो. चांगले फ्रेंच येणाऱ्यांनाही जादा गुण आहेत.

एक्सप्रेस एन्ट्रीत प्रोफाइल, म्हणजे सुरुवातीची माहिती, भरण्यास शुल्क नाही, पण त्याआधी भाषा परीक्षेचा निकाल हवा. आयईएल्टीएस द्यायची तर जनरल ट्रेनिंग प्रकारची. अ‍ॅकॅडेमिक चालत नाही. निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो. फेडरल स्किल्ड वर्करसाठी भारतीय पदवीचे समकक्षता मूल्यांकनही करून घ्यावे लागते आणि ते पाच वर्षे चालते. बहुतेकदा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडून थेट मूल्यांकन संस्थेकडे जावे लागते, त्यामुळे परीक्षेच्या तयारीबरोबरच विद्यापीठात अर्ज टाकलेला बरा. मार्कशीटवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, ही आपल्याकडची नेहमीची अडचण असल्याने विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद सोबत ठेवावी.

निमंत्रण आल्यावर संपूर्ण अर्ज भरण्यास ६० दिवस मिळतात आणि खरी धावपळ अनुभवपत्रासाठी होते. आपल्याकडच्या अनेक कंपन्या फक्त पद आणि तारखा लिहून देतात. कॅनडाला मात्र लेटरहेडवर कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार यांचा उल्लेख लागतो. हे पत्र नोकरी सोडतानाच मागून घ्यावे. गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा अधिक राहिलात, तिथले पोलिस प्रमाणपत्र लागते. भारतातले हे प्रमाणपत्र (पीसीसी) पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळते. फेडरल स्किल्ड वर्करना उदरनिर्वाहाच्या रकमेचा पुरावाही द्यावा लागतो. ही रक्कम दरवर्षी बदलते. ती कर्जाऊ चालत नाही, आणि फ्लॅट किंवा शेतजमिनीची किंमत तिच्यात धरता येत नाही. अर्जाच्या तोंडावर कुणाकडून मोठी रक्कम खात्यात आली असेल, तर ती कुठून आली याचा खुलासा जोडावा. खोटी माहिती किंवा बनावट कागद आढळल्यास पाच वर्षे अर्जबंदी होऊ शकते.

जोडीदार आणि २२ वर्षांखालील अविवाहित मुले सोबत येणार नसली, तरी त्यांची नोंद अर्जात करावीच लागते. ती राहिली तर पुढे कुटुंब प्रायोजकत्वातून त्यांना बोलावण्याचा मार्ग सहसा बंद होतो. प्रोफाइल भरल्यानंतर लग्न झाले किंवा मूल जन्मले, तर तो बदलही लगेच कळवावा.