लिनक्सवरील वैयक्तिक संगीतसंग्रह

स्वतःजवळच्या कॅसेट, सीडी आणि विकत घेतलेल्या फाइली लिनक्स संगणकावर उतरवून, त्यांना नीट माहिती जोडून सांभाळण्याची पद्धत. मोबाइलवरच्या संगीतसेवांवर मागेल ते गाणे वाजते, तरी कोल्हापुरात हा खटाटोप वाया जात नाही. घरोघरच्या कपाटांतल्या खासगी बैठका, पोवाडे, गल्लीतल्या भजनी मंडळाची भजने त्या सेवांवर सहसा सापडत नाहीत.

सीडीवरचा एक मिनिटाचा ध्वनी साधारण १० एमबी जागा घेतो. फ्लॅक (२००१) या मुक्त स्वरूपात तो जवळपास निम्म्यावर येतो आणि काहीही गमावत नाही. सीडी उतरवायला व्हिपर किंवा एबीसीडीई हा प्रोग्राम पुरतो. मोबाइलसाठी ओपस या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात वेगळी लहान प्रत करावी, मूळ प्रत फ्लॅकच ठेवावी. कॅसेटचे काम मात्र वेळखाऊ. कोल्हापूरच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते आणि ती डेकच्या हेडला चिकटते, म्हणून आधी स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसणे आले. डेकची वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये लावावी, माइकच्या भोकात नव्हे. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये कॅसेटची अख्खी बाजू एकदम भरून घ्यावी आणि तुकडे नंतर पाडावेत.

खरी कसोटी लागते ती टॅगांची, म्हणजे फाइलीत जोडलेल्या माहितीच्या रकान्यांची. बहुतेक प्लेअर गायक, अल्बम आणि गाण्याचा क्रमांक एवढेच गृहीत धरतात; चित्रपटगीतांना ते चालून जाते. पण शाहू महाराजांच्या दरबारात आलेल्या अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची ओळखच अनवट आणि जोड रागांची. असा संग्रह असलेला माणूस अल्बम शोधत नाही; खोकर कुणी कुणी गायला, बसंती केदार कुठे आहे, हे शोधतो. फ्लॅकमधील टॅगांत हवे ते रकाने घालता येतात, त्यामुळे राग, ताल, साथीदार, बैठकीचे ठिकाण हे सगळे फाइलीतच राहते. रकान्याचे नाव तेवढे रोमन अक्षरांत लागते, आतला मजकूर खुशाल देवनागरीत लिहावा. पिकार्ड हा प्रोग्राम म्युझिकब्रेन्झ या ऑनलाइन साठ्यातून माहिती आणतो, पण घरगुती बैठकीपुढे तोही हात टेकतो. तिथे किड३ हा टॅग भरायचा प्रोग्राम उघडून हाताने भरण्याला पर्याय नाही.

देवनागरीचे स्वतःचे काही खोडे आहेत. एकच गायिका एका फाइलीत केसरबाई, दुसरीत केशरबाई आणि तिसरीत रोमन लिपीत असली, तर प्लेअरला त्या तिघी दिसतात. ‘कऱ्हाडकर’मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवला जातो, एकसंध किंवा र आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना फरक कळत नाही, शोध मात्र फसू शकतो. लिनक्सवर फाइलनावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हे. बंदिशीचा मुखडा, राग, ताल आणि गायक असे सगळे फाइलनावात कोंबू पाहणाऱ्यांना ही भिंत लवकर लागते.

प्लेअर कोणता चांगला हा वाद लिनक्सवाल्यांच्या आवडीचा, पण त्यात फारसा अर्थ नाही; माहिती फाइलीत असली की प्लेअर कधीही बदलता येतो. हवे ते रकाने दाखवण्यात आणि शोधण्यात क्वॉड लिबेट हा प्लेअर सरस आहे. एमपीडी हा प्लेअर पडद्याआड चालतो, त्याला मोबाइलवरून हुकूम सोडता येतो.

प्रती किती ठेवाव्यात हे कोल्हापूरकरांना २०१९ आणि २०२१च्या पुरांनंतर वेगळे सांगायला नको. एकाच घरातल्या दोन डिस्क पंचगंगेच्या पाण्यात एकदमच जातात, म्हणून दुसरी डिस्क उंचावरच्या पेठेत किंवा परगावी नातेवाइकांकडे ठेवावी. आरसिंक ही प्रती घेण्याची आज्ञा फक्त बदललेल्या फाइली पाठवते, त्यामुळे प्रत अद्ययावत करायला फार वेळ लागत नाही. फ्लॅकच्या फाइलीत मूळ ध्वनीची एमडी५ खूण (ध्वनीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) साठवलेली असल्याने प्रत शाबूत आहे की नाही हे ऐकत न बसता तपासता येते. मूळ डिस्कवरून पुसलेले प्रतीतूनही पुसण्याचा पर्याय आरसिंकमध्ये आहे. तो वापरण्याआधी प्रत्यक्ष काही न पुसता नुसती रंगीत तालीम करून काय पुसले जाईल याची यादी वाचावी.