एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडी नव्हे?

"एलसीडी जुना झाला, एलईडी ही वेगळीच टेक्नॉलॉजी, क्यूएलईडी तर ओएलईडीचाच भाऊ" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. नावंच अशी ठेवलीयेत की कुणाचाही गोंधळ होणारच.

खरं असं की आपण घरी घेतो तो एलईडी टीव्ही एलसीडीच असतो. एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही, त्याला मागून लाईट लागतो, पूर्वी तिथे बारीक ट्यूब असायच्या आता एलईडी असतात, बदललं ते एवढंच. क्यूएलईडीतही मागे लाईट आहेच, फक्त रंग सुधारायला क्वांटम डॉट्सचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, थर जास्तीचा. ओएलईडी मात्र खरंच वेगळा, 4K असेल तर त्यातले सुमारे 83 लाख पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) प्रत्येकी स्वतः पेटतात आणि विझतात.

चेक करायचंय? रात्री खोलीतले दिवे बंद करा, ब्राइटनेस वाढवा आणि पूर्ण काळं चित्र लावा ज्यात कोपऱ्यात एखादं पांढरं अक्षर असेल. एलसीडीवर काळा रंग राखाडी दिसतो किंवा अक्षराभोवती धुरकट उजेड पसरतो, ओएलईडीवर अक्षर सोडून बाकी मिट्ट काळोख. दुकानातल्या झगमगाटात हे कळत नाही, म्हणून तिथे बॅकलाइट (मागचा लाईट) आहे का आणि कुठला हे स्पष्ट विचारा.