रिफिनिश गिटार
रिफिनिश गिटार : मूळ कारखानी रंग काढून किंवा झाकून पुन्हा रंगवलेली जुनी विद्युत् गिटार. ही संज्ञा प्रामुख्याने फेंडर व गिब्सन या अमेरिकन कंपन्यांच्या १९५०–७० या काळातील वाद्यांना लावतात. झिजलेल्या, रंग बदललेल्या, पण वाजवायला उत्तम अशा वाद्याला विक्रेते ‘प्लेयर-ग्रेड’ म्हणतात. इतर सर्व भाग मूळचे असले, तरी केवळ रंग बदलल्याने किंमत सुमारे निम्म्यावर येते, असा बाजारातील ढोबळ संकेत आहे.

त्या काळचे नायट्रोसेल्युलोज लॅकर (रंगकामाचा चकचकीत लेप) पातळ असे. ते कालांतराने आक्रसते, थंडीत तडकते, घामाने व घर्षणाने उडते. १९६०–७० च्या दशकांत ही वाद्ये दुर्मिळ नव्हे, नुसती वापरलेली गणली जात. त्यामुळे ती रंगवून घेण्यात कोणाला वावगे वाटत नसे. बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाचे जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन यांनी १९६८ मध्ये आपापल्या एपिफोन कसिनो या गिटारीवरील रंग काढून टाकला. त्याने लाकूड ‘श्वास घेते’, असे हॅरिसनचे मत होते. कसिनो पोकळ आहे, हे तो दाखला देताना विसरले जाते. भरीव गिटारीत पिकअप (तारांखालचा चुंबकीय संवेदक) तारांचे कंपन टिपतो. तेथे रंगथराचा परिणाम अल्प मानणे अधिक युक्त दिसते.

मूळ रंग ओळखण्याबाबत मतभेद आहेत. फेंडरमध्ये साधारण १९६४ अखेरपर्यंत रंगकामाच्या वेळी धडात खिळे ठोकत व त्यांच्या आधारावर धड वाळत ठेवत. खिळे रंगानंतर उपटले जात, म्हणून मूळ रंगाच्या धडावर, बहुधा पिकगार्डखाली (धडावरील संरक्षक पत्र्याखाली), रंगविरहित छिद्रे आढळतात. छिद्रात रंग उतरला असल्यास संशय घेतात. १९६२-६३ च्या सुमारास मानेच्या खाचेत दांडी बसवून रंगवण्याची पद्धत आली. तेथे दांडीच्या आकाराचा कोरा पट्टा राहतो. अतिनील प्रकाशात जुने लॅकर पिवळट-हिरवे चमकते, पण नवे लॅकर जुने भासवणारे कारागीर असल्याने एवढ्यावर निर्णय करू नये. वरच्या रंगाखाली सनबर्स्ट (मध्ये फिकट व कडेला गडद होत जाणारा रंग) दिसला म्हणजे रिफिनिश, हा समजही निर्णायक नाही. सनबर्स्ट दिलेल्या धडावर खुद्द फेंडरनेच दुसरा रंग चढवल्याची उदाहरणे आहेत. १९६८ च्या सुमारास जाड पॉलिएस्टर थर रूढ झाल्यावर या खुणांचे महत्त्व कमी होते.

झिजलेली गिटार रिफिनिश असतेच असे नाही. आयरिश गिटारवादक रॉरी गॅलहर याच्या १९६१ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवरील बहुतांश रंग वापरातच गेला. कारखान्यातूनच झिजवून विकण्याची फेंडरची ‘रेलिक’ मालिका १९९५ ची. हॅरिसनची लाल गिब्सन लेस पॉल, ‘लूसी’, ही मात्र रिफिनिशच : १९५७ ची ही गिटार मुळात सोनेरी होती, लाल रंग तिला पुढे गिब्सनमध्येच देण्यात आला.