श्वास रोखू नका, सोडून द्या

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या पाचव्या हंगामात 'डिझास्टर' नावाचा एक भाग आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला. एंटरप्राइज या यानाला 'क्वांटम फिलामेंट' धडकतं, वीज जाते, संपर्क तुटतो आणि हजारभर माणसांच्या त्या यानात जो जिथे आहे तो तिथेच कोंडला जातो. कप्तान पिकार्ड तीन लहान मुलांसह लिफ्टमध्ये अडकतो. समुपदेशक असलेल्या ट्रॉयच्या गळ्यात अचानक यानाचं नेतृत्व पडतं. वॉर्फसारख्या लढवय्यावर बाळंतपण करण्याची वेळ येते. आणि सामान ठेवायच्या एका भल्यामोठ्या कक्षात डॉक्टर बेव्हर्ली क्रशर आणि मुख्य अभियंता जॉर्डी ला फोर्ज हे दोघं आगीसोबत बंद होतात.

मला या शेवटच्या दोघांबद्दल लिहायचं आहे. बाकीच्या प्रसंगांतलं विज्ञान बरंचसं कल्पनेतलं आहे. 'क्वांटम फिलामेंट' तर या मालिकेनेच जन्माला घातलेली गोष्ट. ट्रॉय विचारते, म्हणजे कॉस्मिक स्ट्रिंगसारखं काही का? तिला लगेच सांगितलं जातं, नाही, ते वेगळं. कॉस्मिक स्ट्रिंग, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीला तयार झालेला अतिशय बारीक पण प्रचंड वस्तुमानाचा धागा, ही कल्पना मात्र खऱ्या भौतिकशास्त्रातली आहे. टॉम किबल यांनी १९७६ मध्ये ती मांडली, पण तशी स्ट्रिंग अजून कुणाला सापडलेली नाही. यानाच्या इंजिनातल्या प्रतिद्रव्याला धरून ठेवणारं क्षेत्र दुबळं होत चालल्याची धास्ती या भागात सतत आहे, आणि तिला खरा आधार आहे. प्रतिद्रव्य म्हणजे नेहमीच्या द्रव्याचंच, पण उलट्या विद्युतभाराच्या कणांचं रूप. ते कुठल्याही भांड्याच्या भिंतीला टेकून चालत नाही, टेकलं की दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा बाहेर पडते. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याला भेटलं तर हिरोशिमावरच्या बॉम्बच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा निघेल. म्हणून ते चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरावं लागतं. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या आल्फा प्रयोगाने २०११ मध्ये प्रतिहायड्रोजनचे मोजके अणू सुमारे १,००० सेकंद असे धरून दाखवले.

आता सामानाच्या कक्षाकडे वळू. तिथे भिंतीमागच्या वाहिनीत प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूची, आग लागलेली आहे, ती विझवायची सोय बंद पडली आहे आणि कक्षात स्फोटक रसायनाची पिंपं रचलेली आहेत. दोघं आधी पिंपं आगीपासून दूर ढकलतात. मग ला फोर्ज उपाय सुचवतो: कक्षाचं बाहेरचं दार उघडायचं. सगळी हवा अवकाशात जाईल, आग विझेल आणि पिंपंही बाहेर फेकली जातील. अडचण एवढीच की हे दोघंही त्याच कक्षात आहेत आणि त्यांच्या अंगावर स्पेससूट नाहीत.

हा उपाय ऐकायला वेडा वाटतो, पण तो तसा नाही. आग जगते ती ऑक्सिजनवर, आणि हवाच काढून घेतली तर बहुतेक आगींचं काही चालत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आग लागली तर आधी वायुवीजनाचे पंखे आणि त्या भागाची वीज बंद करतात, मग अग्निशामक वापरतात. पंखे आधी बंद करण्यामागे कारण आहे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, कारण तिथे 'वर' असं काही नसतंच. ज्योत उंच न होता गोळ्यासारखी होते आणि आसपासचा ऑक्सिजन संपला की मंदावते. पंख्याचा झोत तिला नवा ऑक्सिजन आणून देतो. हे सगळं करूनही आग आटोक्यात आली नाही, तर माणसं बाहेर काढून त्या कक्षातली हवा अवकाशात सोडण्याचा शेवटचा पर्याय स्थानकाच्या रचनेतच ठेवलेला आहे. ला फोर्ज तेच करतोय, फक्त माणसं आत ठेवून.

हवा काढूनही न विझणाऱ्या आगी असतात, हेही सांगायला हवं. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी रशियाच्या मीर स्थानकावर ऑक्सिजन तयार करणारा एक डबा पेटला. त्यातल्या रसायनाचं कामच ऑक्सिजन सोडण्याचं, त्यामुळे ती आग आपला ऑक्सिजन आपणच बनवत होती. स्थानकावर त्या वेळी सहा जण होते, आणि सुटकेसाठी असलेल्या दोन सोयुझ यानांपैकी एकाकडे जाण्याची वाट ज्वाळांनी अडवली होती. धुरात मास्क लावून, अग्निशामकांचे फवारे मारत त्यांनी ती आवरली आणि सगळे वाचले. एंटरप्राइजवरची प्लाझ्माची आग यातल्या कुठल्या जातीची हे लेखकांनाच ठाऊक. ती हवेवर जगणारी आहे असं धरून पुढे जाऊ.

दार उघडल्यावर हवा किती वेगाने जाईल? पलीकडे निर्वात असेल तर उघडलेल्या दाराच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुरुवातीला सेकंदाला सुमारे २०० घनमीटर हवा बाहेर पडते. यापेक्षा जास्त वेगाने ती जाऊ शकत नाही, कारण दाराच्या तोंडाशी प्रवाहाने आवाजाचा वेग गाठलेला असतो. २,००० घनमीटरचा कक्ष आणि २० चौरस मीटरचं दार धरलं, तर दार सताड उघडल्यावर बहुतेक हवा एक-दोन सेकंदांत जाईल. म्हणजे वादळ येतं आणि संपतंही. त्या वाऱ्यात पिंपं वाहून जाणं पटण्यासारखं आहे. दोघांनी कशाला तरी घट्ट धरून राहणं तर गरजेचंच. इथपर्यंत प्रसंग चोख जमलाय.

आणि मग दार उघडण्याआधी डॉक्टर क्रशर आपल्या सोबत्याला समजावते की फुफ्फुसांवर प्रचंड दाब जाणवेल, श्वास बाहेर सोडावासा वाटेल, पण तो मोह आवरायचा.

हा सल्ला नेमका उलटा आहे. तो पाळणारा माणूस निर्वाताने मरण्याआधी स्वतःच्या फुफ्फुसांतल्या हवेने मरेल.

छातीत भरून घेतलेल्या हवेचा दाब आपल्या भोवतालच्या हवेएवढाच असतो, पाऱ्याच्या भाषेत ७६० मिलिमीटर. बाहेरून तेवढाच दाब असल्यामुळे आपल्याला तो कळत नाही. बाहेरचा दाब एका क्षणात शून्य झाला की आतली हवा फुगायला बघते, आणि तिला अडवायला उरतात फक्त फुफ्फुसांतले वायुकोश. त्यांच्या भिंती केसाहून कितीतरी पातळ, कारण त्यांच्यातून ऑक्सिजन रक्तात झिरपायचा असतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १०० मिलिमीटरने वाढला, तरी त्या फाटू शकतात. इथे फरक ७६० चा आहे. फाटलेल्या जागेतून हवा रक्तवाहिन्यांत शिरते, तिचे बुडबुडे हृदयात आणि मेंदूत पोचतात, आणि मग नंतर कितीही लवकर हवा मिळाली तरी फार काही करता येत नाही. पाणबुड्यांना हा धोका चांगला माहीत असतो. टाकीतल्या हवेवर श्वास घेणारा पाणबुड्या श्वास रोखून वर आला, तर जेमतेम सव्वा मीटर पाण्याच्या फरकानेही फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून त्यांच्या शिक्षणात पहिला नियम असतो की श्वास कधीही रोखायचा नाही.

ही चूक होते ती आपल्या सवयीमुळे. पाण्यात बुडी मारताना श्वास रोखायचा, धुरातून पळताना श्वास रोखायचा, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. तिथे बाहेरचा दाब जागेवर असतो म्हणून ते चालतं. निर्वातात दाबच नाहीसा होतो, आणि तिथे तोंड उघडं ठेवून छाती रिकामी करणं हाच बचाव.

श्वास सोडल्यावर किती वेळ हाताशी राहतो, याचं उत्तर एका अपघाताने दिलं. १४ डिसेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनमध्ये नासाच्या निर्वात कक्षात जिम लेब्लांक हे तंत्रज्ञ स्पेससूटची चाचणी घेत होते. सूटला दाब पुरवणारी नळी निसटली. सूटमधला दाब जवळजवळ शून्यावर आला आणि सुमारे १४ सेकंदांत ते बेशुद्ध होऊन मागे कोसळले. शुद्ध हरपण्याआधीची त्यांची शेवटची आठवण म्हणजे जिभेवरची लाळ उकळायला लागल्याची. कक्षात घाईघाईने हवा भरली गेली, ते शुद्धीवर आले, आणि त्यांना कायमची इजा झाली नाही.

लाळ उकळली ती उष्णतेने नव्हे. दाब कमी झाला की पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. साधारण १९ किलोमीटर उंचीवर तो आपल्या शरीराच्या तापमानापर्यंत, म्हणजे ३७ अंशांपर्यंत उतरतो. अवकाशात तर प्रश्नच नाही. जीभ, डोळे, नाक अशा उघड्या ओल्या जागांवरचं पाणी उकळून जातं. रक्त मात्र रक्तवाहिन्यांच्या भिंतींनी दाबून धरलेलं असतं, ते लगेच उकळत नाही. त्वचेखालच्या ऊतींत वाफ धरते आणि अंग सुजतं. अमेरिकी हवाई दलाचे जो किटिंजर यांनी १६ ऑगस्ट १९६० रोजी ३१ किलोमीटर उंचीवरच्या बलूनमधून पॅराशूट घेऊन उडी मारली, तेव्हा त्यांच्या उजव्या हातमोज्यात दाबच राहिला नव्हता. हात सुजून जवळजवळ निकामी झाला. खाली आल्यावर काही तासांत तो पूर्ववत झाला. माणूस फुटतो, गोठून दगड होतो, ही दृश्यं सोडून द्यावीत. त्वचा चांगली चिवट असते, आणि निर्वातात अंगातली उष्णता ओढून न्यायला हवाच नसल्यामुळे गारठायलाही बराच वेळ लागतो.

मग १४-१५ सेकंदांतच शुद्ध का जाते? पाण्याखाली आपण मिनिटभर सहज राहतो. मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. फुफ्फुसं दोन्ही दिशांनी चालतात. ऑक्सिजन जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे जातो, एवढंच त्यांना कळतं. एरवी तो वायुकोशात जास्त असतो आणि रक्तात कमी. निर्वातात वायुकोश कोरे असतात, आणि रक्तात अजून शिल्लक असलेला ऑक्सिजन उलटा बाहेर पडू लागतो. हृदय आपलं काम इमानाने करत राहतं आणि दर ठोक्याला ऑक्सिजन गमावलेलं रक्त मेंदूकडे पाठवतं. ते तिथे पोचायला दहाएक सेकंद लागतात. मेंदूजवळ फार साठा नसतो, तो बंद पडतो. पण बेशुद्ध होणं म्हणजे मरणं नव्हे. १९६० च्या दशकात अमेरिकेत कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत दीड मिनिटाच्या आत हवा परत मिळालेले बहुतेक प्राणी सावरले. त्यापुढे मात्र आशा झपाट्याने मावळली.

म्हणून क्रशर आणि ला फोर्ज यांचा बेत अशक्य नाही. शुद्ध आहे तोवर, दहा-बारा सेकंदांत, दार बंद करून हवा परत सोडायची. दोघांतला एक बेशुद्ध पडला तरी दुसऱ्याने वेळेत बटण गाठलं तर तो वाचतो.

खऱ्या अवकाशात ही वेळ एकदा आली, आणि तेव्हा सेकंद पुरले नाहीत. ३० जून १९७१ ला सोयुझ ११ मधून गेओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव आणि विक्तर पात्सायेव परतत होते. सल्यूत १ या पहिल्या अवकाश स्थानकावर ते तीन आठवड्यांहून जास्त राहिले होते. परतीसाठी यानाचे भाग वेगळे होताना एकामागून एक उडायचे स्फोटक बोल्ट एकदमच उडाले. त्या हादऱ्याने एक झडप उघडली. ती खरं तर जमिनीपासून काही किलोमीटरवर आल्यावर बाहेरची हवा आत घेण्यासाठी होती. यान तेव्हा १६८ किलोमीटर उंचीवर होतं. दोन मिनिटांच्या आत केबिन पूर्ण रिकामी झाली, आणि तिघांची शुद्ध त्याच्या बरीच आधी हरपली असणार. झडप हाताने बंद करण्याची सोय होती, पण ती आसनांखाली होती आणि बंद करायला जवळजवळ मिनिटभर लागे. ती अर्धवट बंद झालेली सापडली, म्हणजे गळती कुठे आहे हे त्यांनी ओळखलं होतं. यान ठरल्याप्रमाणे आपोआप उतरलं. दार उघडलं तेव्हा तिघंही आपापल्या आसनात होते. त्यांना वाचवण्याचे प्रयत्न व्यर्थ गेले.

तिघांच्या अंगावर स्पेससूट नव्हते, कारण तीन सूट घालून बसायला केबिनमध्ये जागाच नव्हती. एक माणूस जास्त नेण्यासाठी सूट वगळले गेले होते. सप्टेंबर १९७३ मध्ये सोयुझ १२ निघालं ते दोनच अंतराळवीर घेऊन, आणि दोघांच्या अंगावर सोकोल नावाचा नवा, हलका सूट होता. केबिनचा दाब गेला तर तो फुगून आतल्या माणसाला दाब आणि ऑक्सिजन देतो. यानात पुन्हा तिसरी जागा करता आली ती १९८० मध्ये, सुधारित सोयुझ आल्यावर, आणि ती सूटसह. सोयुझमध्ये उड्डाणाला आणि परतीला सोकोल घालूनच बसतात, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक सूट फुगवून तो कुठे गळत नाही ना, हे तपासून घेतात.